जतन-शंका : लॅमिनेशनवाल्याकडे जाण्याआधी

या महिन्याच्या निम्म्या पत्रांत एकच शब्द आहे : पुनर्विकास. इमारत पाडायची, तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, म्हणून माळे उपसले गेले आणि कुणी उघडत नसलेल्या ट्रंका उघडल्या. ठाण्यात सध्या पुरातत्त्व खात्यापेक्षा बिल्डरच जास्त उत्खनन करतात, असं मी आमच्या चरईतल्या शेजाऱ्यांना सांगत असते. ते हसतात. मग आपापल्या पिशव्या घेऊन माझ्याच दारात येतात.

प्रश्न : ताई, आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले चाळीसेक कागद सापडले. काहींच्या कडा फाटल्यात, काहींवर हळदकुंकवाची बोटं आहेत. भाऊ म्हणतो, सगळे लॅमिनेट करून घेऊ, कायमचे टिकतील. कागद पेशवाईतले आहेत असं घरात सांगतात. खरं कसं कळणार? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच भावाला फोन करा.

लॅमिनेशनचं यंत्र शंभर अंशांच्या वर तापतं. प्लास्टिकच्या आतला चिकट थर वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तिथेच थिजतो. तो पुन्हा काढताना कागदाचा पृष्ठभाग सोबत येतो, आणि पृष्ठभागावरच तर शाई असते. कागदातली ओल आणि आम्ल आत कोंडलं जातं ते वेगळंच. असे कागद माझ्याकडे आले, की मी ते उलटसुलट बघते आणि परत देते. करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता पेशवाईचं. लिपी मोडी म्हणजे कागद पेशवाईतला, हे गणित सोडून द्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक मोडीत जमाखर्च लिहीत होते. कागद दोन्ही हातांनी खालून धरा आणि खिडकीच्या उजेडासमोर न्या. कागदी लोक, म्हणजे हाताने कागद बनवणारे कारागीर, लगदा गवताच्या किंवा बांबूच्या बारीक काड्यांच्या चटईवर उचलत. तिला छापरी म्हणतात. तिच्या काड्यांच्या समांतर रेघा उजेडात दिसल्या, तर कागद हातचा आहे. जुन्नरचा कागद असाच बनायचा. मग तो दगडाने घोटत, म्हणून त्याला अजून तुळतुळीतपणा असतो. रेघांऐवजी एखादं चिन्ह, इंग्रजी अक्षरं किंवा साल उमटलेलं दिसलं, तर तो परदेशी गिरणीचा कागद. तिथे पेशवाईची आशा जरा आवरती घ्यायची.

खरी तारीख बहुतेकदा मजकुरातच असते. मोडी वाचणाऱ्याकडून ‘सन’ या शब्दापुढचं काय ते वाचून घ्या. समजा, ‘समान खमसैन मया व अलफ’ निघालं. हे अरबी आकडे आहेत : आठ, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी दप्तरांतली कालगणना) ११५८. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १७५७. हे साल मृगावर बदलतं, म्हणून महिन्याप्रमाणे कधी ५९९ मिळवायचे, कधी ६००. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, आणि तरी लोक मला आधी यंत्राचंच विचारतात.

यंत्राचा उपयोग शाईसाठी होतो. काजळ आणि डिंकाची शाई कार्बनची असते. उजेडाने ती फिकी पडत नाही, पण डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ओल लागली की पसरते. दुसरी शाई लोखंडाच्या क्षाराची आणि मायफळासारख्या तुरट फळांतल्या टॅनिनची. ती जुनी झाली की तपकिरी होते, भोवती वलय धरते आणि शेवटी कागद खाते. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं. डोळ्यांना दोन्ही कधीकधी सारख्याच दिसतात. अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्यातून पाहिलं, की काजळाची शाई काळीच राहते आणि लोखंडाची विरत जाते. तेलाच्या किंवा चहाच्या डागाखाली गेलेला काजळाचा मजकूर याच कॅमेऱ्याने वाचता येतो. मला या कामातला सगळ्यात आवडता क्षण विचाराल तर हाच : डाग नाहीसा होतो आणि खालून कुणाच्या तरी पत्रातला ‘विज्ञापना’, म्हणजे विनंती, हा शब्द वर येतो.

हळदकुंकवाच्या बोटांबद्दल मात्र मला स्वतःची फजिती सांगायला हवी. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. लग्नातल्या देण्याघेण्याची एक याद हातात आली, कागद आंबट झालेला, म्हणजे आम्ल वाढलेला. त्यावर चुन्याची निवळी हा रीतसर उपाय आहे. चुना आम्ल मारतो आणि थोडा कागदात राहून पुढचंही सांभाळतो. शाई हलत नाही ना, हे मी चार ठिकाणी टिपकागद दाबून बघितलं. कोपऱ्यातली हळदीची बोटं काही बघितली नाहीत. ब्रश फिरवला आणि डोळ्यांदेखत पिवळी पाचही बोटं लालभडक झाली. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे मला सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. आमच्या आजीने परातीत करून दाखवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळेत बसले आणि तेच विसरले. तो रंग पुढे तपकिरी झाला, पिवळा पुन्हा कधीच झाला नाही. वरिष्ठ एक शब्द बोलले नाहीत. ती याद त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या कपाटात ठेवली, रोज दिसेल अशी.

तेव्हा घरच्या घरी धुणं, पुसणं, उन्हात घालणं, काही करू नका. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी तर नकोच. तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. बाइंडरकडेही घाईने जाऊ नका. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची त्यांच्यात जुनी पद्धत आहे. किडीला ते लागू पडतं, पण त्यातलं तांबं कागद जाळतं. आम्ही नुसती गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी कागदाची तंतू सुटलेली पट्टी वापरतो. ही दुरुस्ती उद्या कुणाला पटली नाही, तर ओलसर करून सोडवता येते.

तुम्ही करायचं ते एवढंच : प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी दिवसाउजेडी फोटो काढा, फ्लॅश नको. मांजरपाट दोनदा धुऊन त्याची खळ काढा आणि त्यात कागद सपाट गुंडाळा. दप्तरखान्यातले रुमाल म्हणजे हेच. गठ्ठा कपाटाच्या मधल्या खणात ठेवा, बाथरूमच्या भिंतीला लागून नको. ट्रंक पुन्हा वापरू नका. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत आपल्या ठाण्यात ती त्याच्याही पुढे असते. फाटके कागद तेवढे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातल्या संवर्धन केंद्राला विचारून मग पुढे न्या.

प्रश्न : आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आणि पितळेची अन्नपूर्णा आहे, चार पिढ्यांची. सासूबाई दर सणाला चिंचेने लख्ख करतात. हल्ली अन्नपूर्णेवर हिरवे ठिपके येतात आणि टाकावरचा घोडा ओळखू येईना. काय चुकतंय? – एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : सासूबाईंना हे पत्र दाखवू नका, एवढी विनंती आधी करते.

काळी पडलेली चांदी म्हणजे चांदी आणि गंधक यांचा पातळ थर. तो घासून काढला की त्यातली चांदी जाते. टाकाचा पत्रा मुळातच पातळ, त्यावर ठोकून उठवलेली चित्रं. चार पिढ्या गुणिले वर्षाचे सण करून बघा, घोडा कुठे गेला ते कळेल. चिंचेचं आम्ल पितळेतलं जस्त आधी ओढतं आणि तांबं मागे ठेवतं, म्हणून घासलेल्या पितळेला ती गुलाबी झाक येते. आपण तिला चकाकी समजतो.

हिरवे ठिपके दोन तऱ्हेचे. गडद, गुळगुळीत, धातूला घट्ट धरून बसलेला थर असेल तर राहू द्या, तो धातूचं रक्षणच करतो. फिकट हिरवी भुकटी असेल आणि मऊ ब्रशने सुटत असेल, तर मात्र ते मिठातल्या क्लोराइडचं काम आहे. खाडीची खारी हवा आणि ओल मिळाली की ते थांबत नाही, आत खणत जातं. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा आणि मूर्ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर भुकटी पुन्हा आली, तर संवर्धकाला दाखवा. त्यावरची रसायनं विषारी आहेत, घरी नकोत.

ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आता जिथे कारागृह आहे तिथे, १७८७ साली खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचे शके ९३९चे ताम्रपट निघाले. पावणेआठशे वर्षांनीसुद्धा त्यांवरचा मजकूर वाचता आला. दर दिवाळीला कुणी ते चिंचेने घासले असते, तर काय वाचलं असतं कोण जाणे.

पूजा बंद करा असं मी म्हणत नाही. देव पूजेसाठीच आहेत. कोमट पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, एवढ्यावर अन्नपूर्णा खूश राहील. टाक सणापुरता बाहेर काढा.

प्रश्न : पुस्तकांत कीड आहे. डांबरगोळ्या किती टाकू? – एक वाचक, वाशी

उत्तर : एकही नको. वास येतो म्हणजे काम होतं असं नाही. कपाटातल्या गोळ्यांनी अंडी मरत नाहीत, आणि ती वाफ तुमच्याच फुप्फुसात जाते. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे अठरावर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार पुस्तकावर दव धरेल. ओलसर पुस्तकं, फोटो आणि काचा असलेल्या वस्तू यांना हा उपाय नाही. आइस्क्रीम दुसरीकडे हलवावं लागेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : पणजीच्या माहेरून आलेलं सरस्वतीचं चित्र आहे, रविवर्मा प्रेसचं म्हणतात. साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. अस्सल आहे का? टिकल्या काढून स्वच्छ करावं का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालाचा भाग बघा. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा, आणि त्यावरचे ठिपके हाताने दिलेले. त्यामुळे भिंगाखाली ते लहानमोठे, वेडेवाकडे, वाळूसारखे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांच्या आकारात मांडलेले असतात. फुलं दिसली तर चित्र अलीकडचं. वाळू दिसली तर जुना शिळाछाप आहे एवढं नक्की. छापखान्याचं नाव खालच्या पट्टीत शोधा, बऱ्याचदा ती पट्टी चौकटीखाली दबलेली असते.

टिकल्या काढू नका. त्या काळी घराघरांतल्या बायका अशी चित्रं स्वतः सजवत. दुकानदार म्हणेल, साफ केलं की भाव येईल. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. चौकटीच्या मागची लाकडी फळी तेवढी बदलून घ्या, तिच्यातलं आम्ल चित्रात उतरतं. काच चित्राला टेकलेली असेल, तर मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालायला सांगा. हे करताना एखादी टिकली सुटली, तर कागदी पाकिटात घाला, कुठून पडली ते पाकिटावर पेन्सिलीने लिहा आणि पाकीट चौकटीच्या पाठीला लावून ठेवा.