कवटीचं डावं-उजवं

प्रश्न : इरावती कर्वे यांनी जर्मनीत कवट्या मोजल्या होत्या म्हणे. कशासाठी?

पीएचडीसाठी. विषयच होता माणसाच्या कवटीची नैसर्गिक असममिती, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. काळ १९२०च्या दशकाचा शेवट, शहर बर्लिन, मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्यांच्या कवट्या जास्त असममित आणि म्हणून बुद्धीही सरस, असा फिशर यांचा होरा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा असममितीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. परक्या देशात, स्वतःच्याच गाईडच्या लाडक्या सिद्धांताविरुद्ध! हेच फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत होते.

प्रश्न : असममिती मोजतात कशी? दोन्ही बाजू मोजून वजाबाकी?

वजाबाकीही करतात, पण तिच्यातून लांबीतला फरक तेवढा कळतो. ठेवण कुठे वळली आहे ते कळत नाही. म्हणून हल्ली स्कॅनवर लँडमार्क, म्हणजे खुणेचे बिंदू ठेवतात. काही मध्यरेषेवर, जसा कपाळाचं हाड आणि नाकाची दोन हाडं भेटतात तो नेझिऑन. काही जोडीचे, एक डावा एक उजवा. मग या बिंदूंची आरशातली प्रतिमा घ्यायची, डाव्या-उजव्यांची नावं बदलायची आणि ती मूळ बिंदूंवर बसवायची. जागा, आकारमान आणि कोन यांतले फरक काढून टाकल्यावर जे उरतं, ती असममिती. सगळ्या कवट्यांची सरासरीच एका बाजूला झुकली असेल तर ती दिशात्मक. ती वजा केल्यावर प्रत्येक कवटीत कधी डावीकडे, कधी उजवीकडे जो फरक राहतो, तो दोलायमान.

प्रश्न : गाईड म्हणतात, सगळे लँडमार्क पुन्हा एकदा ठेव. खरंच गरज आहे?

आहे, कुरकुर न करता ठेवा. दोलायमान असममिती फार बारीक असते. हाताची चूकही तेवढीच बारीक, आणि तीसुद्धा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एकदाच मोजलंत तर दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. चूकच असममिती म्हणून मिरवते. लॅम्डाचंच बघा. डोक्याच्या मागे शिवणी, म्हणजे कवटीच्या हाडांमधले सांधे, मिळतात ती जागा, पुस्तकात एकदम सोपी. प्रत्यक्षात नेमकं तिथेच कधीकधी एखादं सुटं हाडुक बसलेलं असतं. मग शिवणींच्या रेषा मनाने पुढे वाढवून त्या जिथे मिळतील तिथे बिंदू ठेवायचा, हा नियम आधीच वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीआधी काही दिवस जाऊ द्या आणि जुने आकडे उघडू नका.

प्रश्न : फोटोत माझा चेहरा वाकडा दिसतो, आरशात नाही. काही दोष?

नाही. थोडाफार वाकडा सगळ्यांचाच असतो. आरशातल्या उलट्या प्रतिमेची आपल्याला सवय झालेली असते. फोटोत बाजू बदलतात आणि तोच वाकडेपणा डोळ्यात भरतो. फोन जवळ धरला की नाकही फुगतं, ते वेगळंच. मात्र चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, तर फोटो काढत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.