सुकाणू म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे: लहान शिडाच्या होडीसाठी घरी लाकडी 'रडर' बनवायचे आहे. त्याला सुकाणू म्हणावे, की सुकाणू म्हणजे हाताने फिरवायचे चक्र? आणि त्याच्या भागांना मराठीत काय म्हणायचे?

रडर म्हणजेच सुकाणू. होडीच्या पिछाडीला पाण्यात उतरलेली, डावी-उजवीकडे वळणारी फळी. चक्राचा समज 'सुकाणू हाती घेणे' या वाक्प्रचारातून पसरला असावा. हातात असते ती लहान होडीत दांडी आणि जहाजावर चक्र; पाणी अडवून होडी वळवते ते खालचे पाते. २०१७च्या शेतकरी संपात 'सुकाणू समिती' घरोघरी पोचली, पण ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी खरे सुकाणू कधी पाहिलेलेही नसेल.

शब्दातला 'सु' संस्कृत उपसर्ग नव्हे. मूळ अरबी 'सुक्कान'. गुजरातीत सुकान, ते धरणारा सुकानी. याच सुकानीचे ब्रिटिश अमदानीतल्या इंग्रजीत 'सीकनी' झाले. संस्कृतात सुकाणूला 'कर्ण' होते. त्यातला कर्णधार आपण ठेवला, क्रिकेटच्या मैदानावर नेला, आणि तो जे धरतो ते कर्ण मात्र विसरलो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या जहाजाच्या चित्रात मागच्या अंगाला दिशा देणारी वल्ही दिसतात. त्यांना मी सुकाणू म्हणणार नाही. बिजागरीवर फिरते ते सुकाणू, हा भेद जपण्याजोगा आहे.

लिंग नपुंसक: ते सुकाणू, सुकाणूचे, सुकाणूला.

भागांसाठी नवे शब्द घडवू नका, सुताराकडे सगळे आहेत. पाण्यातले ते पाते, हातातली ती दांडी. पाते होडीला जोडणाऱ्या खिळीच्या आणि भोकाच्या जोडीला नरमादी म्हणा. बिजागरीसाठी तो शब्द आधीपासून चालतो आणि इथे चपखल बसतो. पाते एकाच रुंद फळीचे केले तर पाण्यात वाकते. म्हणून अरुंद पट्ट्या, लाकडाच्या रेषा आलटूनपालटून उलट्या ठेवून, चिकटवाव्यात किंवा मरीन प्लायवूड, म्हणजे पाण्यात टिकणारे प्लायवूड, घ्यावे. मग रंधा मारून आकार द्यायचा. पुढच्या कडेला 'धार' म्हणू नका, ती गोलसर असते. मागची कड निमुळती करत नेऊन शेवटी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, चौकोनी ठेवावी; अगदी सुरीसारखी केली तर ती लगेच टवके उडून खराब होते.

नरमादी बसवण्याच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी लाकडात शिरते. ती मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने (दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या राळेने) भरावीत आणि मग त्या भरावातच नेमके भोक पाडावे. या कामाला 'भोक बुजवून घेणे' एवढे पुरे.

शेवटच्या कामाला 'फिनिशिंग' सगळेच म्हणतात, माझी हरकत नाही. पण 'कोट'ऐवजी 'हात' जरूर वापरा: इपॉक्सीचे दोन हात, पॉलिशपेपरने घासून वर वॉर्निशचे तीन-चार हात. वॉर्निश फक्त चकाकीसाठी नसते. उघडी इपॉक्सी उन्हाने खराब होते, म्हणून उन्हापासून संरक्षण देणारे वॉर्निश घ्यावे आणि प्रत्येक हात वाळल्यावर हलके घासून पुढचा द्यावा.