शीट म्हणजे शीड नव्हे!

हर्णैच्या एका वाचकाने विचारलंय: ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारू पिऊन तर्र, आणि शीट म्हणजे शीड, असं क्लासात शिकवलं. पण तिन्ही शिडांत वारा भरला तर गलबत झकास पळेल, ताबा कसा सुटेल? आणि रागाने भान सुटलेल्या माणसालाही हे म्हणता येईल का?

तुमची शंका रास्त आहे, चूक शिकवणाऱ्याची. ‘शीट म्हणजे शीड’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. शीट म्हणजे दोर! शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड नुसतं फडफडतं, वारा असून गती नाही, आणि गलबत दारुड्यासारखं झोकांड्या खातं. एक दोर सुटला तर सावरता येईल, तिन्ही सुटले तर संपलंच. १८२१ सालच्या छापील मजकुरात ‘इन द विंड’ आहे, ‘टू’ नंतरचं. काही पंडित यात तीन पात्यांची पवनचक्की आणतात. आणोत बापडे, पण गुत्त्यात बसून हे बोलणारे खलाशी होते, पिठाच्या गिरणीवाले नव्हेत.

खरी गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीत ‘शेआता’ म्हणजे शिडाचा खालचा कोपरा. त्याला बांधायच्या दोराने कोपऱ्याचंच नाव घेतलं. आता आपल्या किनाऱ्यावर या. शिडाच्या याच दोराला आपले जुने खलाशी दामण म्हणत. संस्कृतवाले लगेच ‘दामन्’ काढतात: दोर, त्यावरून दामोदर, दावं, दावण. ऐकायला छान, पण गोठ्यातलं दावं थेट डोलकाठीवर कसं चढलं? मला फारसीतला दामन जवळचा वाटतो, म्हणजे वस्त्राचा खालचा घेर, पदर. अरब खलाशीही या दोराला दामानच म्हणतात. म्हणजे इकडेही कापडाच्या कडेचं नाव दोराला मिळालं, अगदी इंग्रजांसारखं! हे माझं मत. संस्कृतवाल्यांनी एकदा जयगडच्या खाडीत शीड धरून बघावं, मग वाद घालू.

हां, रागाचं राहिलंच. नाही चालत, हे फक्त प्यायलेल्याला. रागावलेल्यासाठी ‘फ्लाय ऑफ द हँडल’ आहे. तिथे दोर नाही, दांड्यातून निसटून उडालेलं कुऱ्हाडीचं पातं आहे.