प्रश्न तुमचे : उंदीर बरा झाला, मग औषध कुठे अडलं?

प्रश्न : 'हाडाच्या कॅन्सरवर उंदरांमध्ये यश' अशा बातम्या अधूनमधून वाचते. ते औषध रुग्णांपर्यंत का पोचत नाही? आणि उंदराच्या हाडात कॅन्सर आणतात तरी कसा?

उत्तर : बातमी वाचताना आधी बघा, गाठ उंदराच्या कातडीखाली वाढवली होती की हाडात. कातडीखाली कॅन्सरच्या पेशी टोचणं सोपं, गाठ मोजणंही सोपं. पण मी पशुवैद्यक, अशा निकालावर फार भिस्त ठेवत नाही. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू होणारा कॅन्सर, हाड पोखरतो, वेडंवाकडं नवं हाड घालतो आणि जीव घेतो तो बहुधा फुप्फुसांत पसरून. कातडीखालच्या गाठीची हाडाशी गाठच पडत नाही.

म्हणून पेशी नडगीच्या हाडात सोडतात. उंदराला भूल द्यायची, गुडघा वाकवायचा आणि बारीक सुई फिरवत फिरवत हाडात उतरवायची. आधी बोटांना करकर जाणवते, मग पोकळी लागली की सुई एकदम सैल पडते. द्रव जेमतेम 10 मायक्रोलिटर. दट्ट्या जोरात दाबला तर पेशी शिरेतून थेट फुप्फुसांत. मग दिसणारा 'प्रसार' गाठीचा नसतो, सुईचा असतो! उंदीर पाय टेकेनासा झाला की प्रयोग तिथेच थांबवायचा, आकडे पुरे पडोत न पडोत.

पेशी माणसाच्या असतील तर थायमस (प्रतिकारशक्तीच्या पेशी तयार करणारी छातीतली ग्रंथी) नसलेला 'न्यूड' उंदीर लागतो, नाहीतर त्याची प्रतिकारशक्ती त्या मारून टाकते. पण प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या औषधाची परीक्षा अशा उंदरावर काय घेणार? तिथे उंदराच्याच पेशी बऱ्या. उंदराच्या ऑस्टिओसार्कोमातल्या के7एम2 नावाच्या पेशी बाल्ब-सी या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरात आपणहून फुप्फुसांत पसरतात.

कुत्र्यात मात्र काही घडवावंच लागत नाही. ग्रेट डेन, रॉटवायलर अशा थोराड जातींना हा आजार आपोआप होतो आणि पाय काढला तरी बहुतेकदा फुप्फुसांत उलटतो. मालकाच्या संमतीने त्यांच्यावर उपचारही होतात, चाचणीही. मिफामुर्टाइड हे प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध आधी अशाच कुत्र्यांना दिलं गेलं. 2009 मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली, अमेरिकेत नाही.

आणखी एक गोष्ट बातमीत शोधा : औषध कधी सुरू केलं? उंदराला ते पुष्कळदा गाठ इवलीशी असतानाच मिळतं. गुडघा सुजून मुलगा डॉक्टरकडे येतो, तेव्हा पेशी बहुधा फुप्फुसांत पोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसत नसल्या तरी. नुसत्या शस्त्रक्रियेच्या काळात पाचांतल्या साधारण चौघांचा आजार उलटायचा, तो त्यामुळेच.