वीज कंपन्यांनी उमेदवारांना देणग्या देण्यावर गोव्यात बंदी आहे का? नसेल तर ती कशी आणता येईल?

गोव्यात घरोघरी वीज पुरवते ते सरकारी वीज खाते. ती कंपनी नव्हे, त्यामुळे तिथून देणगीचा प्रश्नच येत नाही. उद्या त्याची सरकारी कंपनी केली तरी कंपनी कायदा 2013 च्या कलम 182 ने तिला मनाईच राहील. प्रश्न उरतो खासगी वीज कंपन्यांचा, आणि त्यांच्यावर सरसकट बंदी नाही.

खासगी कंपनीला तीन आर्थिक वर्षे झालेली हवीत, संचालक मंडळाचा ठराव हवा आणि पैसे रोखीने देता येत नाहीत. रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 7.5 टक्क्यांपुरती. ही मर्यादा 2017 मध्ये उठवली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 फेब्रुवारी 2024 च्या निवडणूक रोखे निकालाने ती परत आली. नियम मोडल्यास देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि दोषी अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

उमेदवाराबाबत मात्र कायदा ढिला आहे. कलम बोलते राजकीय पक्षाबद्दल. पक्षाच्या जनाधारावर परिणाम होईल असे काम करणाऱ्या व्यक्तीला दिलेला पैसाही देणगीच धरला जातो, पण अपक्षाला ही भाषा लावणे कठीण.

तपासायचे असेल तर आधी कंपनीचे नफा-तोटा पत्रक बघा, मग पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेला 20,000 रुपयांवरील देणग्यांचा अहवाल. तिथे इलेक्टोरल ट्रस्टचे, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्थेचे, नाव दिसले तर थांबू नका. मूळ देणगीदार त्या ट्रस्टच्या स्वतःच्या अहवालात सापडतो. उपकंपन्यांची नावेही शोधा. निवडणूक रोख्यांच्या यादीत 377 कोटींची नोंद हल्दिया एनर्जी या वीजनिर्मिती कंपनीच्या नावावर होती. कोलकात्यात बिलावर दिसणारे नाव वेगळेच: तिची मूळ कंपनी सीईएससी. उमेदवाराचा खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो आणि एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो बघता येतो.

आता बंदीचे. कंपनी कायदा केंद्राचा, तेव्हा गोवा विधानसभेकडे हे मागून काही निघणार नाही. कलम 182 मध्ये दुरुस्ती संसदेनेच करायची. मला जास्त जवळची वाट वाटते ती वीजदराची. अमेरिकेत कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि मेन या राज्यांनी 2023 मध्ये असे राजकीय खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायला मनाई केली. आपल्याकडे दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग. दराच्या अर्जावर ग्राहकाला लेखी हरकत घेता येते, ती घ्यावी. निविदेतून घेतलेल्या विजेच्या दरात निर्मिती कंपनीचे खर्च उलगडून दिसत नाहीत, तिथे ही हरकत फारशी लागू पडत नाही. वितरण कधी खासगी हातात जायचे झाले तर परवान्याच्या अटींतच हे लिहून घ्यायला हवे: देणगी भागधारकांच्या नफ्यातून, ग्राहकाच्या बिलातून एक पैसाही नाही, आणि दरवर्षी लेखापरीक्षकाचा तसा दाखला आयोगाकडे. परवाना देण्याआधी आयोग हरकती मागवतो, तेव्हाच ही अट मांडा.