मेट्रो स्टेशनजवळ फ्लॅट भाड्याने घ्यायचाय, जास्त भाडं देणं वर्थ आहे का?

आधी स्टेशनचं गेट कुठल्या बाजूला उघडतं ते बघा, भाड्याचं नंतर. ह्याच एका गोष्टीवरून माझं आणि दादाचं चार वर्षं वाजतंय.

नोकरी लागली तेव्हा दोन फ्लॅट बघितलेले. एक मॅपवर ४०० मीटर, दुसरा सव्वा किलोमीटर. दादा म्हणाला डोळे झाकून पहिला घे, भाडं जास्त असलं तरी वेळ वाचेल. घेतला. राहायला गेल्यावर कळलं की मध्ये रूळ आहेत, गेट पलीकडे, आणि पलीकडे जायला एकच पूल, तोही उलट्या दिशेला बराच पुढे. पायऱ्या ६४. मोजल्यात मी, कारण पावसाळ्यात आई राहायला आली, तिचे गुडघे दुखतात, दर दहा-बारा पायऱ्यांवर कठडा धरून उभी राहायची आणि मागची गर्दी तिला घासून पुढे जायची, माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्यात तिची बॅग, तिला हात द्यायला हातच नाही. लिफ्ट बंद. मला घर ते प्लॅटफॉर्म रोज १९ मिनिटं लागायची, तिला त्या दिवशी पाऊण तास लागला. सव्वा किलोमीटरवाला फ्लॅट गेटच्याच बाजूला होता, सपाट रस्ता, सोळा मिनिटं.

माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ब्रोकरची ‘पाच मिनिटं’ हिशोबाने बरोबरच निघतात, पण मॅपवरची ती सरळ रेष प्रत्यक्षात चालायचा रस्ता नसते. त्यामुळे ऑफिसच्या वेळेला स्वतः चालून बघा, गेटपर्यंत नाही, प्लॅटफॉर्मपर्यंत. गाडी दर पंधरा मिनिटांनी असेल तर सरासरी साडेसात मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, तेही धरा.

आणि रात्री एकदा जाच. माझी खिडकी रुळांच्या वळणाकडे होती, वळणावर चाकं घासून जो कर्कश आवाज येतो तो सरळ ट्रॅकवर येत नाही. शेवटची गाडी गेली की रुळांची दुरुस्ती सुरू, ती रात्रीच करतात. दादा म्हणायचा सवय होईल. नाही झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी ज्या सूचना दिल्या त्यात रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज ४४ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय, उगाच नाही म्हटलेलं.

जास्त भाड्याचं म्हणाल तर गाडी थेट ऑफिसपर्यंत जात असेल तरच द्या, मध्ये लाईन बदलायची असेल तर माझ्या मते नको. हां, रात्रपाळी असेल किंवा उशिरा एकटं यावं लागत असेल तर मात्र जवळचंच घ्या, तिथे माझं सगळं गणित बाजूला ठेवा.

दादा अजून म्हणतो ४०० म्हणजे ४००. वाचत असशील तर एकदा पावसात आईला घेऊन तो पूल चढ, मग बोलू.