देवाशी अबोला धरलाय, आता मागे कसं फिरू?

पत्र असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून, थोडं छोटं करून देतेय) –

"मावशी, मी २९ वर्षांची आहे, खराडीत जॉब करते, घर घोरपडीला. आम्ही ख्रिस्ती, पप्पांचा रविवार कधी चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या विषयावरून माझं आणि पप्पांचं खूप मोठं भांडण झालं, मी फ्लॅट घेऊन वेगळी राहायला गेले आणि चार महिने त्यांचा फोन उचलला नाही. मग ते हार्ट अटॅकने गेले. घरी सांत्वनाच्या प्रार्थनेला मंडळीतले एक ज्येष्ठ काका सगळ्यांसमोर बोलले की पोरीच्या बंडखोरीने बापाचा जीव घेतला, देव असाच धडा शिकवतो. त्या दिवसापासून चर्चमध्ये पाय ठेवलेला नाही. प्रार्थना बंद, ख्रिसमसला पण नाही. आता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून घरी आलेय. परवा तिने पप्पांचं बायबल पुढे केलं, म्हणाली जरा वाचून दाखव गं, मला दिसत नाहीये. मी नाही म्हणाले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले. मावशी, मला आतून परत जायचंय पण झुकायचं नाहीये. एवढा हट्ट केल्यावर देवाची कृपा मिळते का? की आधी मोडून पडावं लागतं?"

बाळा, तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ दुसरं काही सुचलंच नाही.

आधी त्या काकांचं बोलते, कारण तो विषय बाजूला ठेवून पुढचं काही तुझ्या गळी उतरणार नाही. ते जे बोलले ते चूक होतं. नुसतं कठोर होतं, वेळकाळ पाहिला नाही, एवढंच नाही, ज्या पुस्तकाच्या नावाने ते बोलले त्या पुस्तकाच्याच विरुद्ध होतं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्यावर शिष्यांनी येशूला अगदी हेच विचारलं होतं ना, की पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? आणि येशू म्हणाला, याने पण नाही आणि त्यांनी पण नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हाही तेच, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका असं त्याने स्पष्ट सांगितलं. मुलं, माल, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाच्या गोष्टीत तर त्याचे मित्र पानंच्या पानं तेच बोलत राहतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटी देव रागावतो ते त्या मित्रांवर, देवाला भांडून भांडून जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. त्याच्याविषयी तर म्हणतो की माझा सेवक माझ्याविषयी नीट बोलला. हे सगळं त्या काकांनी आयुष्यभर ऐकलेलं असणार, तरी त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते निघालं, आणि जमलेल्या एवढ्या माणसांतलं एकही जण उठून बोललं नाही की अहो थांबा. ते जास्त लागलं असेल तुला असं मला वाटतं.

आता जरा अवघड बोलते, रागावू नकोस.

पत्रात तूच पुढे लिहिलंयस (मी वर छापलं नाही) की पप्पांना खूप वर्षांची शुगर होती आणि आधी एकदा अँजिओप्लास्टी झाली होती. म्हणजे पप्पा कशाने गेले हे तुला माहितीये. तरी ते वाक्य तीन वर्षं निघत नाहीये. का? मला वाटतं काकांचा राग येतो तो यासाठी पण की मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तुला भीती वाटते, ते खरं बोलले असतील तर? आणि देवासमोर बसलं की हा प्रश्न निघणार, म्हणून बसायचंच नाही. चर्च नको, प्रार्थना नको, पप्पांचं बायबल तर नकोच नको, कारण त्यात त्यांचं पेन्सिलने केलेलं काहीतरी असणार आणि ते दिसलं की सगळा बांध फुटणार. तू त्याला हट्ट म्हणतेस. हट्ट आहेच, पण तो देवाविरुद्ध कमी आणि त्या चार महिन्यांवर पहारा म्हणून जास्त उभा आहे.

त्या चार महिन्यांबद्दल खोटा दिलासा देणार नाही मी. तुझ्या अबोल्याने पप्पा गेले नाहीत, पण अबोला धरणं चूक होतं. लग्नाला नाही म्हणणं चूक नव्हतं, तो तुझा हक्क आहे, वेगळं राहणं पण चूक नव्हतं. फोन वाजत होता, नाव दिसत होतं आणि उचलला नाही, ते चूक होतं, आणि त्याची माफी मागायला आता पप्पा नाहीत. हे ओझं खरं आहे. कोणी तुला म्हणालं की जाऊ दे गं, विसर, काही नसतं त्यात, तर तुला बरं वाटणार नाही कारण तुला माहितीये की त्यात काहीतरी आहे. आणि कृपा ही चीजच त्याच्यासाठी आहे बाळा. जिथे चूक झालेलीच नाही तिथे कृपेचं काय काम? जिथे खरोखर चुकलंय आणि भरून द्यायला हातात काही उरलेलं नाही तिथेच ती लागते.

तू विचारतेस आधी मोडून पडावं लागतं का. मला नामान आठवतो. संडेस्कूलमध्ये ऐकला असशील पण परत एकदा मोठेपणी बघ त्याच्याकडे. अरामाच्या राजाचा सेनापती, मोठा मानाचा माणूस, अंगावर कोड. घरातली एक छोटी मोलकरीण, तीसुद्धा लढाईत इस्राएलातून पळवून आणलेली पोर, ती सांगते की आमच्याकडे एक संदेष्टा आहे. हा निघतो तो घोडे, रथ, चांदी, सोनं, दहा पोशाख सगळं घेऊन. त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या दारात जाऊन उभा राहतो आणि अलीशा बाहेरसुद्धा येत नाही, माणूस पाठवतो आणि निरोप देतो की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. झालं, साहेब भडकले. तो स्वतः बाहेर येईल, माझ्यासमोर उभा राहील, देवाचं नाव घेईल, हात फिरवेल असं मला वाटलं होतं, आणि नदीचंच म्हणाल तर आमच्या दिमिष्काच्या (म्हणजे दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? आणि रागारागात परत फिरला.

बघ ना, त्याला बरं व्हायचं नव्हतं असं नाही. बरं व्हायचंच होतं, पण त्याने ठरवलेल्या पद्धतीने. आधी तो बाहेर येऊ दे. तुझ्या पत्रात मला हेच ऐकू येतं. आधी काकांनी माफी मागावी, आधी मंडळीने मान्य करावं की माझ्यावर अन्याय झाला, मग मी देवाशी बोलेन. माफीची अपेक्षा रास्त आहे तुझी, शंभर टक्के. पण ती अट तू लावलीयस देवाला, आणि ती पुरी करायची आहे काकांनी. ते माणूस बदललंच नाही तर? ते उद्या वारले तर? म्हणजे तुझ्या आणि देवाच्या मधली किल्ली तू नेमकी त्याच माणसाच्या खिशात ठेवलीस ज्याने तुला दुखावलं. मला हे पटत नाही, तुझ्या बाजूने पटत नाही.

नामानाच्या नोकरांनी त्याला काय सांगितलं ते पण बघ. ते म्हणाले, बाबा, त्याने काही मोठं करायला सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं ना? मग हे तर नुसतं आंघोळ कर आणि शुद्ध हो एवढंच आहे. आपल्याला मोठं काहीतरी चालतं. उपास करू, नवस फेडू, सगळ्यांसमोर रडून साक्ष देऊ, कारण त्यात आपलं काहीतरी दिसतं. साधं, कोणाला न दिसणारं असेल तर जीव वर येतो. आणि गंमत नाही, खरं सांगते, तो बरा झाल्यावर परत आला, अलीशाला नजराणा देऊ लागला, आग्रह केला तरी अलीशाने त्यातलं काहीच घेतलं नाही. तू म्हणतेस आधी मोडून पडावं लागतं का, तर नाही, मोडून पडणं हे पण एक नजराणाच झाला, की बघ देवा एवढी मोडले आता दे. तिकडे तो चालत नाही. सोडायची ती अट फक्त.

आणि झुकायचं नाही म्हणतेस ना, तर कोणासमोर झुकायचं नाही ते नीट वेगळं कर. आपल्या पुण्यात ज्यांनी काम केलं त्या पंडिता रमाबाईंचं बघ. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा, पदरात लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला, आणि घेतल्यावर गप्प बसल्या असं नाही, तिथल्या धर्मगुरूंशी आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या सिस्टर्सशी पत्रांतून वाद घातले, मला पटल्याशिवाय मी मानणार नाही, एका पुरोहिताचं जोखड काढून दुसऱ्याचं घ्यायला आले नाही. लोकांना ती बाई हट्टी वाटली, इकडे पण आणि तिकडे पण. आणि त्याच रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय की इतकी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळाला तेव्हा जशी होते तशी स्वतःला त्याच्या हाती सोपवलं. नंतर केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं ते याच बाईने. माणसांसमोरचा त्यांचा ताठ कणा देवाने काढून घेतला नाही, उलट दुष्काळातल्या बायका-पोरींना आणायला तोच उपयोगी पडला. तुझा पण कणा कोणी मागत नाहीये.

मग करायचं काय. चर्चचा विचार आत्ता करूच नकोस. आई आत्ता घरात आहे, तिला दिसत नाहीये आणि तिने एक गोष्ट मागितलीय. तेवढी कर. पप्पांचंच बायबल घे, दुसरं घेऊ नकोस. स्तोत्र १३ काढ, फक्त सहा वचनं आहेत, आणि सुरुवातच अशी की हे परमेश्वरा, कुठवर? तू मला कायमचा विसरणार का? कुठवर, कुठवर असं चार वेळा येतं पहिल्या दोन वचनांत. तुला वाटत असेल की देवासमोर गोड बोललं पाहिजे, आभार मानले पाहिजेत, ते तुझ्याने होणार नाही आणि करूही नकोस. हे वाच, यात तुझंच म्हणणं आहे. ते पण जड गेलं तर ८८ वं स्तोत्र आहे, ते तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचा, आणि तरी ती प्रार्थनाच आहे, देवाला हाक मारूनच केलेली. आवाज फुटला, रडू आलं तर येऊ दे, आईसमोर येऊ दे, नळ सोडायची गरज नाही. तिचं पण माणूस गेलंय ना गं. मला वाटतं ती तीन वर्षं वाट बघतेय की तू तिच्यासमोर एकदा रडशील.

मग कधीतरी रात्री एकटी असताना त्या चार महिन्यांचं देवाला सांग, काकांचं नाव न घेता. काकांचं वेगळं प्रकरण आहे. फक्त, मी फोन उचलला नाही, मला वाईट वाटतंय, एवढं म्हण. त्यात आपण किती वाईट आहोत याचं वर्णन नको आणि वकिली पण नको. येशूच्या गोष्टीतल्या, बापाकडून घेतलेला पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राने निघण्याआधीच मोठं भाषण पाठ केलं होतं, मला चाकर म्हणून ठेव वगैरे, ते त्याचं पूर्ण पण झालं नाही, बाप आधीच धावत आला होता. आणि मोठ्या भावाला लोक विसरतात, तो रागावून दाराबाहेर उभा होता, आत यायला तयार नव्हता, आणि बाप त्याच्यासाठी पण बाहेर आला आणि त्याची समजूत घालत उभा राहिला. तो आत गेला का ते येशूने सांगितलंच नाही. तू आत्ता तिथे उभी आहेस असं समज.

चर्चला जावंसं वाटलं तर त्याच चर्चमध्ये जायला पाहिजे असा काही नियम नाही. पुण्यात मराठी उपासना कितीतरी ठिकाणी होतात, पेठेत पंचहौद चर्चला जा, कॅम्पात जा, मागच्या बाकावर बस, प्रभुभोजनाच्या आधी उठून आलीस तरी चालेल. कोणी विचारलं कुठल्या मंडळीची तर सांगायला बांधील नाहीस.

एक मात्र, तू शेवटी ओझरतं लिहिलंयस की काही दिवस सकाळी उठावंसंच वाटत नाही. ते सहज घेऊ नकोस. प्रार्थना सुरू झाली म्हणजे डॉक्टर नको असं नसतं. समुपदेशकाला भेट, आणि अगदीच नको वाटलं कोणाला भेटायला तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

आणि काका. त्यांना भेटायचं की नाही ते सगळ्यात शेवटी, घाई नाही. भेटलीसच तर एकटी जाऊ नकोस, पाळकसाहेबांना नाहीतर आईच्या जवळच्या कोणाला तरी सोबत घे, आणि काय बोलायचं ते कागदावर लिहून ने, नाहीतर तिथे गेल्यावर एकतर रडशील नाहीतर भांडशील. तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते खोटं होतं आणि त्याने माझी तीन वर्षं गेली, एवढं सरळ सांग. क्षमा करायची म्हणजे काही झालंच नाही असं वागायचं नसतं. ते माफी मागतील असं धरून जाऊ नकोस, वयाने मोठी माणसं पटकन मागत नाहीत. मागितली तर घे. नाही मागितली तर घरी ये, आईला रात्रीचे ड्रॉप्स घाल आणि जिथपर्यंत वाचून झालंय त्याच्या पुढचं स्तोत्र काढ.

कसं चाललंय ते लिही मला, दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी,
मावशी